वाचलेला संदर्भ आणि ओंजळीतला संदर्भ

प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत संदर्भ क्रमांक २३ हा १९३८ सालचा एक जर्मन पेपर होता. विद्यार्थिनी समोरच बसली होती. विचारलं, "जर्मन येतं तुला?"

"नाही मॅडम."

"मग हा कसा वाचलास?"

"तो त्या रिव्ह्यूमध्ये होता ना, तिथून घेतला."

"आणि तो रिव्ह्यू?"

"तोही टाकलाय. ४७ नंबरला."

रिव्ह्यू म्हणजे एका विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेणारा लेख. म्हणजे सूचीत दोघेही होते, पण एकाचा दुसऱ्याशी काय संबंध हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याला वाटणार, पोरीने जर्मन पेपर मिळवला, वाचला आणि त्यातलं मत इथे आणलं. तिच्या मनात फसवाफसवी अजिबात नव्हती. मुळात आमच्या बोलण्यातच घोटाळा आहे. आम्ही संदर्भ 'टाकतो', आमटीत मीठ टाकावं तसे. "इथे दोनचार रेफरन्स टाक गं," असं मीही अनेकदा म्हटलेलं आहे.

तर दोन प्रकार आहेत. पाटलांचा लेख तुम्ही स्वतः उघडून वाचला आणि त्यातली गोष्ट सांगितली, तर तो थेट संदर्भ. पाटलांचा लेख पाहिलाच नाही, कुलकर्ण्यांनी आपल्या लेखात पाटलांचं म्हणणं दिलं होतं ते वाचलं, तर तो दुय्यम संदर्भ. आपल्याकडे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात, तेच हे. दोन्ही चालतात. चालत नाही ते एवढंच, की प्यायचं कुलकर्ण्यांच्या ओंजळीतून आणि सांगायचं की विहिरीवर मीच गेलो होतो.

कागदावर फरक अगदी बारीक दिसतो. थेट असेल तर कंसात (पाटील, १९९४) आणि सूचीत पाटील. दुय्यम असेल तर कंसात (पाटील, १९९४, कुलकर्णी, २०१६ मध्ये उद्धृत) आणि सूचीत फक्त कुलकर्णी. नावं अर्थातच मनची आहेत. सूचीत पाटील का नाहीत, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मानसशास्त्र-शिक्षणशास्त्राकडे जी एपीए पद्धत चालते, तिच्यात सूची म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष हाताळलेल्या स्रोतांची यादी. पाटील तुमच्या हातात आलेच नाहीत. वैद्यकातल्यासारखी आकड्यांची पद्धत असेल तर पाटलांचं नाव वाक्यात घ्यायचं आणि आकडा कुलकर्ण्यांचा द्यायचा.

एवढंसं 'मध्ये उद्धृत' गाळल्याने काय बिघडतं, असं वाटत असेल तर १० जानेवारी १९८० चा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' आठवावा. त्या अंकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. पत्र म्हणजे पाच वाक्यं. बोस्टनच्या त्यांच्या प्रकल्पात रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना अफूजन्य वर्गातलं वेदनाशामक किमान एकदा तरी दिलं गेलं होतं, आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये व्यसन जडल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली ती फक्त चार जणांत. संपलं पत्र. ही औषधं किती दिवस दिली, किती मात्रेत दिली, घरी गेल्यावर त्या माणसांचं काय झालं, यातलं काहीही त्यात नाही. तसा त्या दोघांचा दावाही नव्हता.

पुढे हे पत्र एकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात जात राहिलं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांनाही व्यसनाचा धोका नगण्य, याला आधार म्हणून ते दाखवलं जाऊ लागलं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याचे सगळे उल्लेख मोजले आणि ते त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले. एकूण ६०८ उल्लेख. त्यांतल्या ४३९ ठिकाणी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून पत्र वापरलेलं, आणि ४९१ ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्टच गाळलेली. पाच वाक्यांपैकी पहिलंच वाक्य वाचलं असतं तरी 'दाखल रुग्ण' हे शब्द दिसले असते. अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूजन्य औषधांच्या व्यसनाच्या साथीला एकटं हे पत्र कारण नव्हतं, औषध कंपन्यांच्या जाहिरातबाजीचा वाटा फार मोठा. पण जाहिरातीला शास्त्राचा शिक्का लागतो, आणि तो इथून मिळाला. आता ऑनलाइन आवृत्तीत त्या पत्राच्या माथ्यावर संपादकांची टीप आहे: याचा उल्लेख पुष्कळ वेळा आणि चिकित्सा न करता झालेला आहे.

माणसं मूळ न वाचता संदर्भ उचलतात हे पकडण्याची एक गमतीदार युक्ती सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये केली. परीक्षेत शेजारच्याची चूक जशीच्या तशी उतरली की कॉपी सापडते ना, तसंच. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी तपासले. १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५, आणि पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी केली होती! ७८ माणसांच्या बोटांनी स्वतंत्रपणे तीच चूक टंकणं शक्य नाही. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ वाचत असावेत. हा आकडा मला जरा कडक वाटतो, कारण पेपर वाचून झाल्यावरही तपशील दुसरीकडून कॉपी-पेस्ट करणारे असतातच. मी स्वतः त्यातलीच. एम.फिल.च्या प्रबंधात मी एका लेखाचं साल चुकीचं दिलंय. लेख वाचला होता, नोंद मात्र मैत्रिणीच्या प्रबंधातून उतरवली. तिनेही कुणाच्या तरी प्रबंधातूनच घेतली असणार.

वाङ्मयचौर्य शोधणारं सॉफ्टवेअर हे पकडेल, अशा भ्रमात राहू नये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या मजकुराशी असलेलं साम्य १० टक्क्यांपर्यंत माफ आहे, आणि ते मोजताना संदर्भसूची वगळली जाते. ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर सूची नीट देणाऱ्यालाच शिक्षा व्हायची. पण त्यामुळे सबंध सूची दुसऱ्याची उचलली तरी अहवालात काही दिसत नाही. मुलं 'साम्य ७ टक्के' असा कागद घेऊन हसत येतात, आणि मी २३ नंबरवर बोट ठेवते.

आणखी एक गल्लत जाता जाता. दुय्यम स्रोत वेगळा, दुय्यम संदर्भ वेगळा. रिव्ह्यू पेपर हा दुय्यम स्रोत आहे, पण तो तुम्ही वाचलात आणि त्या लेखकाने चाळीस अभ्यास ताडून जो निष्कर्ष काढला तोच सांगितलात, तर तो थेट संदर्भच. तिथे 'उद्धृत' लिहायचं काही कारण नाही. त्या चाळिसांतल्या एकाचा आकडा उचललात की मात्र ते लागतं.

आणि कधी कधी ओंजळीशिवाय इलाजच नसतो. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' हे चार्वाकाचं म्हणून आपण किती सहज ठोकून देतो. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. हा चरण आपल्याला मिळतो तो मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून, म्हणजे ते मत न मानणाऱ्याच्या लेखणीतून. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला 'यावज्जीवं सुखं जीवेत्' या ओळीपुढे तूप नाहीच, 'नास्ति मृत्योरगोचरः' आहे, मृत्यूच्या नजरेतून कुणी सुटत नाही. आता यातलं चार्वाक खरोखर काय म्हणाले? अशा वेळी 'सर्वदर्शनसंग्रहात उद्धृत' हे लिहिलं नाही, तर विरोधकाचं म्हणणं आपण परस्पर चार्वाकाच्या तोंडी घालतो.

१९३८ चा पेपर असा हरवलेला नव्हता. ग्रंथपालांना सांगितल्यावर दहा दिवसांत स्कॅन प्रत आली. तिने मोबाइलवर तक्त्याचं भाषांतर केलं आणि प्रिंट घेऊन माझ्याकडे आली. रिव्ह्यूने 'पिकातली घट' म्हणून दिलेला आकडा कुंड्यांमधल्या रोपांचा होता, शेताचा त्यात कुठे संबंधच नव्हता. तिने वाक्य बदललं. मग तिला भीती वाटली, म्हणून उरलेलेही काढून बघायला लागली. काही मिळाले, काहींना 'मध्ये उद्धृत' जोडून ते सूचीतून गेले, दोन तर असे निघाले की त्या पानावर तो लेखच नाही.

सूची ११२ वरून ७१ वर आली. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी शेवटची पानं चाळली आणि विचारलं, "संदर्भ जरा कमी वाटतात?"

"वाचलेले एवढेच आहेत, सर."

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न नमुना-निवडीवर विचारला.