खाडीतली तिवर आणि कृष्णाकाठचं क्षारपड रान

मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात हिरव्यागार उसाला लागूनच पांढरा पापुद्रा धरलेली रानं दिसतात. काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं मोकळं सोडलेलं पाणी आणि निचरा नाही. भूजल वर चढतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. समुद्र इथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब, पण मुळांपुढचा पेच मात्र कोकणातल्या खाडीतलाच.

जमिनीतल्या ओलाव्यापेक्षा मुळातला रस जास्त घट्ट असतो, म्हणून पाणी आत येतं. बाहेर क्षार वाढले की ही ओढ कमी होते, फारच वाढले तर उलटते. मीठ लावलेली कैरी पाणी सोडते, तसंच. म्हणूनच रान ओलं असूनही ऊस माना टाकतो. क्षार किती हे मातीतल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून मोजतात. जमिनीची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की तिला क्षारयुक्त म्हणतात. उसाचं उत्पन्न मात्र १.७ च्या पुढेच घटू लागतं. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास!

त्या पाण्यात तिवर, म्हणजे खाडीतल्या कांदळवनाचं झाड, उभी राहते कशी? तिच्या मुळात, आतल्या नळ्यांच्या भोवती, पाणी न झिरपू देणारा थर असतो. पेशींच्या फटींतून पाण्याला सरळ आत शिरता येत नाही. पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेरच अडतं. चुकून शिरलेलं सोडियम पेशी परत बाहेर ढकलते किंवा आपल्याच एका पोकळीत कोंडून ठेवते. उरलेलं पानांवाटे बाहेर पडतं. तिवरीच्या पानांवर मिठाचे कण चमकताना दिसतात.

सोडियम असं ढकलत राहायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. चिखलात हवा नसते, म्हणून तिवरीची श्वासमुळं पेन्सिलीसारखी वर येतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष ठरवलेल्या पांढऱ्या चिप्पीलाही अशी मुळं असतात. उसाला ही सोय नाही. रानात पाणी तुंबलं की मूळ गुदमरतं, गुदमरलेल्या मुळाला सोडियम बाहेर ठेवता येत नाही, आणि जे क्षार एरवी थोडेफार सोसले असते तेच पिकाला मारतात.

त्यामुळे क्षारपड जमिनीत आधी निचरा, मग बाकी सगळं. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून चर काढले की मुळांना हवा मिळते आणि क्षार धुऊन जायला वाट होते. चोपण, म्हणजे मातीला सोडियम चिकटून बसलेल्या जमिनीत जिप्सम टाकतात. त्यातलं कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतं, पण सुटलेलं सोडियम बाहेर वाहून गेलं नाही तर तो खर्च वाया.

झाडच लावायचं तर करंज पाहावा. तो खाडीच्या काठी वाढतो तसाच नदीकाठीही, आणि क्षार व तुंबलेलं पाणी दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. रोप मात्र सपाट रानात नको, उंच वरंब्यावर लावावं. कोवळी मुळं पाण्याच्या वर राहिली की ती जगायची शक्यता वाढते.