सागवानी बाकाला पावसाची भीती नसते, हा समज

बंगल्याच्या परसात किंवा तळमजल्याच्या अंगणात सुट्या खोक्यांची, जोडता-सोडवता येणारी लाकडी बैठक करून घेणाऱ्या मुंबईकरांना हमखास सांगितले जाते, की लाकूड सागवानी असेल तर ते बारा महिने उघड्यावर ठेवले तरी कुजत नाही. हे अर्धेच खरे आहे. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गडद गाभ्यात असलेल्या तेलकट द्रव्यांमुळे येतो. सालीलगतच्या फिकट भागात ती जवळजवळ नसतात आणि तो भाग कोणत्याही साध्या लाकडासारखाच बुरशीला बळी पडतो. लागवडीतल्या कमी वयाच्या झाडांत हा फिकट भाग प्रमाणाने जास्त असतो, म्हणून केवळ ‘सागवान’ एवढे विचारून भागत नाही, फळी उलटसुलट करून पाहावी लागते. (पॉलिश झाल्यावर ते दिसत नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असते.)

लाकडातील ओलावा दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांच्या वर राहिला की कुजण्याचा धोका सुरू होतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शहरात धोक्याची जागा म्हणजे बैठकीचे पाय आणि दोन खोक्यांमधला सांधा. कापलेल्या टोकातून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते. त्यामुळे पायांखाली रबरी बूच, खोक्यांमध्ये बोटभर फट आणि खाऱ्या हवेतही सहज न गंजणारे 316 दर्जाचे स्टेनलेस स्क्रू यांवरचा खर्च पॉलिशच्या आणखी एका हातापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.