हिरवी तुतारी की ठिपकेवाली? पंख उचलेपर्यंत थांबा

फाल्गुन सरत आला की नागपूर, रामटेक, मौद्याकडच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आटायला लागतात. पाण्याची कड रोज थोडी आत सरकते, मऊ चिखल उघडा पडतो आणि त्यात चोच खुपसत फिरणाऱ्या तुताऱ्या (पाणथळीचे लहान पक्षी, इंग्रजीत सँडपायपर) सहज नजरेस पडतात. हिवाळाभर राहिलेल्या या पाहुण्या आता उत्तरेकडे निघण्याच्या तयारीत असतात. मे उजाडेपर्यंत बहुतेक निघून जातात, म्हणून त्यांना नीट पाहून घ्यायचे दिवस हेच. आणि हिरवी तुतारी व ठिपकेवाली तुतारी यांची गल्लतही याच दिवसांत जास्त होते.

दोष बराचसा नावांचा आहे. हिरव्या तुतारीत हिरवं म्हणावं असं फारसं काही नाही, पाय तेवढे हिरवट-करडे. ठिपके दोघींनाही असतात. शिवाय वसंतात दोघींना विणीच्या हंगामाची नवी पिसं येतात, तेव्हा हिरवीच्या पाठीवरचे पांढरे ठिपके हिवाळ्यापेक्षा उठून दिसतात. मग ‘ठिपके दिसले, म्हणजे ठिपकेवाली’ अशी नोंद होऊन जाते. ठिपके आहेत की नाहीत हे पाहूच नका, केवढे आहेत ते पाहा. हिरवीचे ठिपके चिमूटभर पीठ भुरभुरावं तसे बारीक असतात. पाठ इतकी गडद की पन्नास-साठ पावलांवरून काळपटच वाटते. ठिपकेवालीची पाठ फिकट तपकिरी आणि ठिपके भरड, त्यामुळे ती दुरूनही कबरी दिसते.

चेहरा त्याहून भरवशाचा. ठिपकेवालीची पांढरी भुवई चोचीपासून निघून डोळ्याच्या बरीच मागे जाते. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते, पण डोळ्याभोवती पांढरं कडं ठळक असतं. पुढून पाहिलं तर हिरवीच्या छातीवरच्या गडद रेघा एका ओळीत थांबतात आणि खाली लख्ख पांढरं पोट सुरू होतं. ठिपकेवालीत हा रंग हळूहळू विरत जातो. हिरवी 21 ते 24 सेंटिमीटर, अंगाने भरलेली. ठिपकेवाली 19 ते 21, सडपातळ आणि उंच पायांची. तिचे पाय पिवळसर असतात, पण पायांच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. काळ्या चिखलातून चालून आलेल्या पक्ष्याचे पाय कोणत्याही रंगाचे दिसतात.

खरा निवाडा उडताना होतो. दोघींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो, त्यामुळे तो पाहून काही ठरत नाही. पंखांची खालची बाजू पाहायची. हिरवीची ती बाजू जवळजवळ काळी असते, ठिपकेवालीची फिकट राखाडी-पांढरी. उडालेली हिरवी पुलाखाली घरटी करणाऱ्या पाकोळीसारखी दिसते, काळी आणि कमरेला पांढरी, फक्त बरीच मोठी. शेपटीवर तिला मोजके, रुंद काळे पट्टे असतात. ठिपकेवालीचे पट्टे बारीक आणि जास्त, शिवाय तिची बोटं शेपटीच्या मागे स्पष्ट बाहेर आलेली दिसतात.

त्याच क्षणी कान उघडे ठेवा. हिरवी उठताना खणखणीत, वर चढणारं ‘ट्लुईट्-वीट्-वीट्’ करते आणि वेडीवाकडी वळणं घेत उंच निघून जाते. ठिपकेवालीचं ‘चिफ्-इफ्-इफ्’ कोरडं, एकाच पट्टीतलं असतं.

जागेवरूनही अंदाज येतो. नाल्यातलं डबकं, पुलाखालची साचलेली धार, झाडांच्या सावलीतली बोडी अशा ठिकाणी एकटीच तुतारी असेल, तर ती बहुधा हिरवी. उन्हाळी धानाच्या पाणी भरलेल्या बांध्यांत किंवा गवताळ, उथळ काठावर पाच-दहा जणी एकत्र चरत असतील, तर ठिपकेवाल्या. पण हा अंदाजच, एकट्या जागेवरून नोंद पक्की करू नये.

नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या दगडी काठावर सतत शेपूट हलवणारी असते ती तिसरीच, साधी तुतारी. छातीच्या बाजूने खांद्याकडे वर चढणारी पांढरी फट हिची खूण. उडताना कमरेला पांढरं नसतं, पंखावर मात्र पांढरी रेघ दिसते, आणि ती पाण्यालगत पंख थरथरवत जाते.

सुट्टीत कोकणात गेलात तर तिथेही या दोघींना खाडीच्या उघड्या चिखलावर शोधू नका. त्यांना गोडं पाणी लागतं, गावातल्या तळ्यावर किंवा पाटाच्या कडेला त्या भेटतील. खाडीवर कमरेला पांढरा आणि पंखाच्या मागच्या कडेलाही रुंद पांढरा पट्टा असलेला पक्षी उडाला, तर तो लाल पायांचा टिलवा.

पाहायला 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण पुरते. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. सूर्य समोर असला की ठिपकेवालीही काळी दिसते आणि सगळाच घोळ होतो. मार्चअखेर नऊ वाजले की चिखलावरून झळा उठू लागतात. मग भुवई दिसत नाही, म्हणून साडेसहा ते साडेआठ ही वेळ साधा. फोटो घ्यायचा तर शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर पंखाची खालची बाजू नुसती धूसर येते.

पंख दिसावेत म्हणून ढेकूळ मारून पक्षी उठवणं मात्र कटाक्षाने टाळा. लांबच्या प्रवासासाठी याच आठवड्यांत त्या अंगात चरबी साठवत असतात आणि प्रत्येक उगाचची भरारी त्यातून खर्च होते. बांधाआड बसून राहिलात तरी काम होतं. तुताऱ्या जागा बदलतातच, आणि उतरल्यावर कित्येकदा दोन्ही पंख क्षणभर वर धरून मग मिटतात. दुर्बीण त्या क्षणासाठी डोळ्याला लावून ठेवा. आत काळं दिसलं तर हिरवी, फिकट दिसलं तर ठिपकेवाली.