किलोमीटर नव्हे, युनिट मोजा

इलेक्ट्रिक गाडी घेतली की भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: एका चार्जिंगमध्ये किती जाते? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं एका आकड्यातलं उत्तर हमखास दिशाभूल करतं. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. रोजच्या वापरात मात्र दोनशेच्या आसपास मिळायचे. यात कुणाची लबाडी नव्हती. आपल्याकडच्या प्रमाणित चाचणीत गाडी रोलरवर चालते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि बराचसा वेळ शहरी संथ चालीतच जातो. महामार्गावरचा वारा आणि सह्याद्रीतले घाट तिथे कुठून येणार?

म्हणून मला वाटतं, किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि वीजबिलातली युनिटं मोजावीत. त्या नेक्सॉनच्या बॅटरीत मावायची जेमतेम ३० युनिटं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे अख्खी बॅटरी साडेतीन लिटर पेट्रोलच्याही आतली! एवढ्या शिदोरीवर गाडी दोनशे किलोमीटर जाते, कारण बॅटरीतली ८०-९० टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. पेट्रोल इंजिन दोन तृतीयांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेत घालवतं. तिथे वाया जाणारी ऊर्जाच इतकी मोठी असते, की वाऱ्यापायी किंवा चढापायी थोडी जास्त गेली तरी ते चटकन जाणवत नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र प्रत्येक युनिटाचा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

आधी वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर वेग सव्वापट होतो आणि हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने शंभर किलोमीटर जायला अंदाजे १३ युनिटं लागत असतील, तर १०० च्या वेगाने १६-१७ लागतात. छोट्या बॅटरीवर हा फरक पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचणं आणि न पोहोचणं यातला ठरू शकतो. एसीची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. गाडी एकदा गार झाली की तो तासाला एखादं युनिट घेतो. भर उन्हात थोडं जास्त.

खरी मजा घाटात आहे. खोपोलीहून बोरघाटाने लोणावळ्याला जाताना रस्ता साधारण साडेपाचशे मीटर चढतो. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,७०० किलो धरा. एवढं वजन तेवढं वर उचलायला अडीच युनिटं लागतात, मोटरमधली घट धरून पावणेतीन-तीन. अंतर कापायचा खर्च वेगळाच. पडद्यावरची टक्केवारी अशी भराभर उतरायला लागली की नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही, ती ऊर्जा उंचीच्या रूपात गाडीतच साठलेली असते. परतीच्या वाटेवर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते: चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि त्याच ओढीने गाडीचा वेगही आवरला जातो. बोरघाट उतरताना टक्केवारी चक्क वर सरकताना दिसते. सगळं परत येत नाही, कारण टायर आणि वारा आपला वाटा घेतात. तरी बरंच परत येतं. घाट तापलेल्या ब्रेकविना उतरता येतो, हा फायदा मला विजेपेक्षाही मोठा वाटतो.

पण भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. पाचगणीत मुक्काम करून, रात्रभर चार्जिंग लावून शंभर टक्क्यांवर निघालात आणि थेट पसरणी घाटात शिरलात, तर सुरुवातीला गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते. त्यापेक्षा नव्वदवर निघावं. वाईपर्यंतच्या उतारात मिळेल तेवढी वीज सामावायला तेवढी जागा पुरते.

वाटेतल्या जलद चार्जरवरही ऐंशी टक्के झाले की निघावं. चार्जिंग होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. थर भरत आले की त्यांना आत शिरायला वेळ लागतो. तेव्हाही घाई केली तर लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावरच जमू लागतं आणि बॅटरी कायमची दुबळी होते. म्हणून गाडीच प्रवाह कमी करून घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना बहुधा इतका वेळ लागतो, की तेवढ्यात आपण बरेच पुढे गेलेलो असतो, आणि मागे रांगेत कुणीतरी ताटकळत असतं.

घरी मात्र घाई नसते. १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीन-सव्वातीन युनिटं जातात, रात्रीत छोटी बॅटरी भरते. पण हा प्लग गिझरसारखा अर्धा तास नव्हे, आठ-दहा तास सलग पूर्ण भार सोसणार आहे. हलकी वायर किंवा सैल सॉकेट असेल तर ते तापतं, प्लॅस्टिक वितळतं. त्यामुळे मीटरपासून जाड वायरची स्वतंत्र लाइन आणि तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एवढं गाडी घरी यायच्या आधीच करून घ्यावं. इमारत जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या. ते नीट नसेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवतात आणि चार्जिंग सुरूच करत नाहीत.