एकगठ्ठा मत कुणाचं? अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि वर्ण

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एक शब्दप्रयोग हमखास येतो: कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा मतं. आकडा खोटा नाही. १९६४ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत कृष्णवर्णीयांच्या दहातल्या आठाहून अधिक मतांचा कौल डेमोक्रॅटिक उमेदवाराला मिळाला आहे. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला गोऱ्या मतदारांचं बहुमत मिळालेलं नाही, निवडून आलेल्या कार्टर, क्लिंटन, ओबामा आणि बायडेन यांनाही नाही. गोऱ्यांच्या मतांना मात्र ‘गठ्ठा’ म्हणत नाहीत, ती नुसती ‘मतं’ असतात. इतिहास पाहिला तर त्या देशातला पहिला मोठा गठ्ठा दक्षिणेतल्या गोऱ्यांचाच होता, आणि तो कायद्याने व बंदुकीने बांधलेला होता. तो कसा बांधला गेला हे ठाऊक नसेल तर आजच्या आकड्यांवरून चुकीचेच निष्कर्ष निघतात.

सुरुवात संविधानापासून करावी लागते. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहिलं जात असताना दक्षिणेतल्या राज्यांची मागणी होती की प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांचीही गणती व्हावी. त्यांना मत द्यायचं नव्हतं, फक्त त्यांची डोकी मोजायची होती. तडजोड झाली ती तीन पंचमांशाची: पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधलं राज्याचं वजन याच हिशोबाने ठरणार होतं. म्हणजे गुलाम जितके जास्त, तितकं मालकाच्या मताचं वजन जास्त. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्षपदावर व्हर्जिनियातले गुलाममालक होते: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. याला योगायोग म्हणता येणार नाही.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने सांगितलं की वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून कुणाचंही मत नाकारता येणार नाही. (स्त्रिया यातही नव्हत्याच, गोऱ्याही नाहीत आणि काळ्याही नाहीत.) दक्षिणेतले हजारो माजी गुलाम मतदानाला उभे राहिले, काही निवडूनही आले. ते जवळजवळ सगळे लिंकनच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे होते. डेमोक्रॅटिक पक्ष हा त्यांच्या जुन्या मालकांचा पक्ष होता. आज नेमकं उलट चित्र पाहणाऱ्या वाचकाने हे लक्षात ठेवायला हवं.

इथे आपल्याकडची एक तारीख शेजारी ठेवावीशी वाटते. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं ते १८७३ साली, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. पुण्यातून अमेरिकेकडे इतक्या आशेने पाहिलं जात होतं, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कित्येक डझन कृष्णवर्णीयांना मारलं. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७६ मध्ये शिक्षा रद्द झाल्या. फुल्यांची आशा चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ती ज्यांच्यावर ठेवली होती, त्यांनी चार वर्षांतच पाठ फिरवली.

त्या पाठ फिरवण्याला निमित्त अध्यक्षीय निवडणुकीचंच झालं. १८७६ चा निकाल फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना या राज्यांत अडकला. अखेर रिपब्लिकन हेज यांना १८५ आणि डेमोक्रॅट टिल्डन यांना १८४ निर्वाचक मतं (इलेक्टोरल कॉलेजमधली), असा एका मताचा निकाल लागला. पडद्याआडच्या समझोत्यानुसार टिल्डन यांच्या पक्षाने पराभव मान्य केला आणि दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेण्यात आलं. कृष्णवर्णीय मतदाराला कुणी वाली उरला नाही.

पुढची तीस वर्षं त्याला यादीतून खोडण्यात गेली. त्यातलं कसब असं, की पंधराव्या दुरुस्तीच्या भाषेला कुठेही धक्का लागत नव्हता. १८९० च्या मिसिसिपीच्या नव्या राज्यघटनेत ‘काळा’ हा शब्द मताच्या अटीत नव्हता. अट होती पोल टॅक्सची, म्हणजे मत द्यायचं तर भरायच्या कराची, वर्षाला दोन डॉलर, आणि त्याची पावती सांभाळून ठेवण्याची. दुसरी अट होती राज्यघटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा ‘योग्य’ अर्थ सांगण्याची. योग्य काय ते नोंदणी अधिकारी ठरवणार, आणि तो अधिकारी गोराच असणार. निरक्षर गोऱ्याला सोपं कलम मिळे, शिकलेल्या काळ्या शिक्षकाला अवघड. लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी एक युक्ती काढली: ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आरंभी मतदार होता, त्याला या परीक्षेतून सूट. त्या दिवशी कोणत्या रंगाचे आजे मतदार होते, हे उघड आहे. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. उरल्यासुरल्यांना डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून दार बंद. दक्षिणेत खरी निवडणूक तीच होती, कारण नंतरच्या लढतीत दुसरा पक्ष नावापुरताच असे.

या व्यवस्थेला अमेरिकेत ‘सॉलिड साउथ’ म्हणत. १८८० पासून सहा-सात दशकं, एखाददुसरा अपवाद सोडला तर, ही राज्यं डोळे मिटून डेमोक्रॅटिक उमेदवाराला मिळत. हाच तो पहिला गठ्ठा. आणि जनगणनेत मोजल्या गेलेल्या, पण मत नसलेल्या लाखो कृष्णवर्णीयांचं वजन आता तीन पंचमांशाऐवजी पूर्ण पाच पंचमांशाने गोऱ्यांच्याच पारड्यात पडत होतं.

हा गठ्ठा सुटायला सुरुवात झाली आगगाडीने. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडे गेले. तिथे कारखान्यात काम होतं आणि मतदारयादीत नावही लागत होतं. जी राज्यं अध्यक्ष ठरवतात, त्याच राज्यांत आता त्यांची मतं पडू लागली. १९३२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट व्हॅन यांनी वाचकांना आवाहन केलं की घरातलं लिंकनचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते कर्ज फिटलं. त्या वर्षी बहुतेकांनी ऐकलं नाही. १९३६ मध्ये मात्र सुमारे ७१ टक्के कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना गेली. रूझवेल्ट यांनी वर्णभेदाविरुद्ध फार काही केलं होतं असं नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय हीच कामं करत. पण मंदीत सरकारी रोजगार आणि मदत थोडी तरी त्यांच्यापर्यंत पोचली. पोटाला मिळालं, म्हणून मत दिलं.

१९४८ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातली वर्णविभागणी संपवण्याचा आदेश काढला. दक्षिणेतले नाराज डेमोक्रॅट पक्षाबाहेरून उभे राहिलेल्या स्ट्रॉम थरमंड यांच्यामागे गेले आणि थरमंड यांनी चार राज्यं जिंकली. जुन्या गठ्ठ्याला पडलेली ही पहिली मोठी चीर. १९६० मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मार्टिन ल्यूथर किंग यांना जॉर्जियात तुरुंगात टाकलं गेलं, तेव्हा डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडी यांनी किंग यांच्या गरोदर पत्नीला फोन केला. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी निक्सन गप्प राहिले. किंग यांचे वडील, स्वतः पाद्री, तोवर निक्सनच्या बाजूचे होते. त्यांनी उघडपणे बाजू बदलली, आणि निवडणुकीआधीच्या रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून त्या फोनची पत्रकं वाटली गेली. केनेडी जिंकले ते सुमारे १ लाख १२ हजार मतांच्या फरकाने. एका फोनने निवडणूक जिंकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण कृष्णवर्णीय मतदार कधीही कुणाच्या खिशात नव्हता, याचा हा पुरावा आहे. चारच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, त्यातल्या सुमारे ३९ टक्क्यांनी रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना मत दिलं होतं.

हा सगळा इतिहास एका बाईच्या आयुष्यात सामावलेला आहे. फॅनी लू हॅमर मिसिसिपीत एका मळ्यावर कापूस वेचत. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. अधिकाऱ्याने राज्यघटनेतलं एक किचकट कलम पुढे करून अर्थ विचारला, त्या नापास झाल्या. संध्याकाळी परतल्या तर मालकाने सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं राबलेला मळा त्यांनी त्याच रात्री सोडला. पुढच्या वर्षी पोलीस कोठडीत त्यांना इतकं मारलं की शरीर कायमचं अधू झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी गोऱ्यांचं शिष्टमंडळ नव्हे, आम्ही, हा दावा घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. दक्षिणेतली गोरी मतं जातील या भीतीने अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे वाहिन्या तिकडे वळाव्यात. वाहिन्या वळल्या, पण रात्रीच्या बातम्यांत हॅमर यांची साक्ष दाखवलीच. पक्षाने दोन जागा देऊ केल्या, त्या हॅमर आणि त्यांच्या साथीदारांनी नाकारल्या.

जॉन्सन यांची भीती खरी ठरली. २ जुलै १९६४ ला त्यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली होती, आणि रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर देशभर आपटले. स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांना मिळाली फक्त पाच राज्यं: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं, कारण काळा मतदार यादीत जवळजवळ नव्हताच. पक्षांची अदलाबदल या एका निकालात जितकी स्वच्छ दिसते, तितकी कुठेच दिसत नाही. पुढच्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांची डोकी पोलिसांनी फोडली आणि ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्के होती, ती १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाली. ज्या पक्षाच्या अध्यक्षाने तो कायदा केला त्याला लोकांनी मत दिलं, यात गठ्ठा कसला?

त्यानंतर वर्णाची भाषा बदलली. १९६८ मध्ये दोन्ही पक्षांबाहेरून उभे राहिलेल्या जॉर्ज वॉलेस यांनी वर्णविभागणीचं जुनं राजकारण उघड करत दक्षिणेतली पाच राज्यं घेतली. निक्सन यांनी तीच नाराजी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या शब्दांत आपल्याकडे वळवली. १९८० मध्ये रिपब्लिकन उमेदवार रेगन यांनी मिसिसिपीत नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या अधिकारां’वर भाषण केलं. १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला ती जागा तिथून जवळच आहे. दक्षिणेच्या बदलाला धर्म, कर, नवी उपनगरं अशी इतर कारणंही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण श्रोत्यांना शब्दांमागचा अर्थ कळत होता.

१९६५ सालीच, ऑक्टोबरमध्ये, आणखी एक कायदा झाला, ज्याने हा काळा-गोरा हिशोबच बदलला: स्थलांतराचा. त्याआधी आपल्या लोकांची तिथली जागा काय होती? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्व नाही आणि मतही नाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी वाचक थबकेल. निकालानंतर सरकारने खुद्द पंडितांचंही नागरिकत्व काढायला घेतलं. ते लढले आणि टिकवलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते थेट १९४६ मध्ये. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात आज मतदान करणारी बहुतेक मराठी घरं १९६५ च्या कायद्यानंतर गेलेली आहेत.

याच नव्या मतदारांमुळे ओबामा यांचा २००८ चा विजय शक्य झाला. मत गुप्त असतं, त्यामुळे वर्णानुसार आकडे एक्झिट पोलमधूनच येतात आणि दोन-चार टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. त्यानुसार ओबामा यांना गोऱ्यांची ४३ टक्के, कृष्णवर्णीयांची ९५ आणि लॅटिनोंची (लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांची) ६७ टक्के मतं होती. २०१२ मध्ये गोऱ्यांची ३९ टक्क्यांवर आली, तरी ते जिंकले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातली, वर्णभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावणारी व्यवस्था निकामी केली. त्याच दिवशी टेक्सासने मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं करणारा, रोखून ठेवलेला कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.

२०२४ मध्ये पुन्हा काही सरकलं. आई भारतीय आणि वडील जमैकाचे असलेल्या कमला हॅरिस यांना कृष्णवर्णीयांची सुमारे ८५ टक्के मतं मिळाली, पण लॅटिनोंमधली जवळपास ४६ टक्के ट्रम्प यांना गेली. टेक्सासमधली स्टार काउंटी, जिथे जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो आहे, तिने १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. भाव, सीमा, धर्म, नोकरी, सगळंच त्यात होतं.

मिसिसिपी मात्र जागची हललेली नाही. कृष्णवर्णीय लोकसंख्येचं प्रमाण तिथे सगळ्या राज्यांत जास्त आहे, सुमारे ३८ टक्के, आणि तरी १९७६ नंतर त्या राज्याने एकदाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी निवडलेलं नाही, कारण तिथले गोरे मतदार फार मोठ्या बहुमताने दुसऱ्या बाजूला मत देतात. १८९० च्या तिच्या राज्यघटनेत अशा गुन्ह्यांची यादी होती ज्यांनी माणूस मताधिकार गमावतो. काळे लोक कोणते गुन्हे करतात, या गोऱ्यांच्या समजुतीवरून ती निवडलेली होती. चोरी त्यात होती, खून नव्हता. खून आणि बलात्कार १९६८ मध्ये घातले गेले. पोल टॅक्स गेला, परीक्षा गेली, हे कलम अजून लागू आहे.