जेनिंग्ज, अल

जेनिंग्ज, अल : (२५ नोव्हेंबर १८६३–२६ डिसेंबर १९६१). अमेरिकन वकील, आगगाडी लुटारू आणि तुरुंगातून सुटल्यानंतरचा लेखक, चित्रपट-नट व राजकारणी. व्हर्जिनियात जन्म. वडील न्यायाधीश, भाऊ वकील. स्वतः अल १८९२ ते १८९४ या काळात ओक्लाहोमा प्रदेशातील एका कौंटीचा सरकारी वकील होता. कायदा कोळून प्यायलेल्या घरातला माणूस कायद्याबाहेर गेला, याचे मूळ १८९५ मध्ये सापडते. न्यायालयातील खडाजंगीनंतर वुडवर्ड येथील मद्यगृहात टेंपल ह्यूस्टन हा वकील व त्याचा साथीदार यांच्याशी जेनिंग्ज बंधूंची गोळाबार होण्यापर्यंत भांडणे गेली. एड हा भाऊ ठार झाला, जॉन हा दुसरा भाऊ जखमी झाला आणि ह्यूस्टन निर्दोष सुटला. त्यानंतर अलने वकिली सोडली.

१८९७ च्या उन्हाळ्यापासून त्याने भाऊ फ्रँक, ओमॅली बंधू आणि लिटल डिक वेस्ट यांच्यासह आगगाड्या अडवायला सुरुवात केली. टोळीचे काम चार-पाच महिनेच चालले, आणि तेही बहुतेक फसले. एडमंड येथे टपाल डब्यातील तिजोरी उघडलीच नाही. १ ऑक्टोबरला पोकासेटजवळ दुसऱ्या गाडीतील तिजोरी सुरुंग लावूनही फुटली नाही, तेव्हा प्रवाशांनाच लुटण्यात आले. डिसेंबरमध्ये बड लेडबेटर या मार्शलने (संघ सरकारच्या पोलीस अधिकाऱ्याने) जेनिंग्ज बंधूंना पकडले. १८९९ मध्ये अलला जन्मठेप झाली. भाऊ जॉनच्या खटपटीने अध्यक्ष मॅकिन्ली याने ती पाच वर्षांवर आणली. १९०२ मध्ये तो सुटला व पुढे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला माफी दिली.

ओहायोच्या तुरुंगात त्याची विल्यम सिडनी पोर्टर या कैद्याशी मैत्री जमली. पोर्टर अपहाराबद्दल शिक्षा भोगत तुरुंगाच्या दवाखान्यात औषधे देत असे. तोच पुढे कथालेखक ओ. हेन्री म्हणून मराठी वाचकांच्याही परिचयाचा झाला. आपली पहिली भेट होंडुरासमध्ये, दोघेही फरारी असताना झाली, असे जेनिंग्ज सांगत असे. मात्र पोर्टर १८९७ च्या सुरुवातीलाच होंडुरासहून परतला होता आणि टोळीचे नोंद झालेले दरोडे त्यानंतरचे आहेत. त्यामुळे हा तपशील जपून घ्यावा लागतो.

जेनिंग्जच्या आठवणींबाबत हीच सावधगिरी सर्वत्र हवी. बीटिंग बॅक (विल अर्विनसह, १९१४) व थ्रू द शॅडोज विथ ओ. हेन्री (१९२१) या पुस्तकांत कैद्यांच्या हालांचे आणि पोर्टरच्या अबोल, मानी स्वभावाचे चित्रण मोलाचे आहे; लुटीचे आकडे व धाडसाची वर्णने मात्र फुगलेली आहेत. दरोड्यांपुरते न्यायालयीन कागद आणि त्या वेळची वृत्तपत्रे अधिक विश्वासार्ह ठरतात.

सुधारणा मात्र खरी होती. त्याने पुन्हा दरोडा घातला नाही. जुन्या गुन्ह्यांची उघड कबुली देत १९१४ मध्ये तो ओक्लाहोमाच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत उतरला व तिसरा आला. द बँक रॉबरी (१९०८) या मूकपटात त्याने काम केले होते; त्याचे दिग्दर्शन बिल टिल्गमन या माजी मार्शलचे होते. उरलेले आयुष्य कॅलिफोर्नियात गेले. एका रेडिओ मालिकेने बदनामी केली म्हणून त्याने १९४५ मध्ये दावा लावला, पण तो हरला.

त्याच्याशी निगडित खासगी कागदांपैकी सर्वांत बोलके म्हणजे ओ. हेन्रीने बहुधा १९०२ मध्ये त्याला लिहिलेले पत्र. ते रोलिंग स्टोन्स (१९१२) या संग्रहात छापले आहे. आगगाडी कशी लुटतात यावर लेख लिही, असा त्यात आग्रह आहे. तत्त्वज्ञान न सांगता एकदम सुरुवात कर, घडलेले प्रसंग दे, माणसे किती लागतात, कोण कुठे उभा राहतो, प्रवासी कसे वागतात ते सांग, आणि पश्चिमेकडची अस्सल बोली भरपूर वापर, अशा सूचना त्यात आहेत. या पत्रव्यवहारातून तयार झालेला ‘होल्डिंग अप अ ट्रेन’ हा लेख पुढे ओ. हेन्रीच्या सिक्सेस अँड सेव्हन्स (१९११) मध्ये समाविष्ट झाला. निवेदक त्यात ‘मी’ म्हणून बोलतो. जेनिंग्जचे नाव तेथे नाही.