टायरवरचा आकडा आणि दारावरचा आकडा: मोटरहोममध्ये हवा किती भरायची?

उन्हाळी सुट्टी लागली की अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात. काही जण तर जुनी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम) विकतच घेतात. निघायच्या आदल्या दिवशी हवेचा प्रश्न येतो आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "टायरवर लिहिलंय ना ८०, मग ८० भर." हा सल्ला चुकीचा आहे. त्यातून निघणारा आकडा कधीकधी बरोबर ठरतो, म्हणून तो मरतही नाही.

कारचं तुम्हाला माहीत आहेच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर ३३ किंवा ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड, हे हवेच्या दाबाचं माप) असं काहीतरी असतं, तेवढी हवा सकाळी थंड टायरमध्ये भरायची. कारच्या टायरवर बाजूला ४४ किंवा ५१ हा आकडाही असतो आणि त्याच्या आधी 'मॅक्स प्रेस' असे शब्द असतात. ती वरची हद्द. तिथपर्यंत भरायचं नसतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

गोंधळ होतो तो कारवाल्याने हीच समजूत घेऊन मोटरहोमच्या टायरकडे पाहिलं की. फोर्ड ई-४५० वर बांधलेल्या क्लास सी गाड्यांना सहसा एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज (वजन पेलण्याची श्रेणी) ई हे टायर असतात. वाकून त्याच्या बाजूवर टॉर्च मारा. तिथे 'मॅक्स प्रेस' हे शब्द नाहीत. तिथे लिहिलेलं असतं: मॅक्स लोड सिंगल १२१५ केजी, २६८० एलबीएस, ॲट ५५० केपीए, ८० पीएसआय, कोल्ड. त्याखाली ड्युअलसाठी, म्हणजे मागे एका बाजूला जोडीने बसवलेल्या टायरसाठी, दुसरी ओळ: ११२० केजी, २४७० एलबीएस, दाब तोच. हे वाक्य पूर्ण वाचा. "यात ८० भरा" असं ते म्हणत नाही. "या टायरवर २,६८० पौंड टाकायचे असतील, तर थंड असताना निदान ८० हवा पाहिजे," असं म्हणतं. कारच्या टायरवरचा आकडा ही हद्द असते, इथला आकडा ही वजनाची अट आहे. मोटरहोमच्या हवेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यातूनच निघतं.

वजन पेलते ती टायरमधली हवा. रबर आणि आतली तार त्या हवेला फक्त धरून ठेवतात. म्हणून वजन कमी असेल तर कमी हवा पुरते, आणि किती पुरते याचा तक्ता प्रत्येक टायर कंपनी छापते. याच मापाच्या टायरला ५० पीएसआयवर एकेरी चाकाला १,९४० पौंड आणि जोडीतल्या चाकाला १,७६५ पौंड चालतात, ६५ वर २,३३५ आणि २,१५०, ८० वर २,६८० आणि २,४७०. मधल्या पायऱ्या पाच-पाच पीएसआयच्या असतात. जोडीतल्या टायरचा आकडा नेहमी कमी असतो, कारण दोघांत वजन कधीच अगदी सारखं वाटलं जात नाही. मागच्या टायरसाठी 'सिंगल'चा रकाना वाचणं ही दुसऱ्या नंबरची चूक.

आता दाराकडे या. स्टिकरवरचा आकडा गाडी बनवणारा ठरवतो, टायर बनवणारा नाही. गाडी पूर्ण मर्यादेपर्यंत भरली तरी तिचे मूळ मापाचे टायर वजन पेलतील, असा तो आकडा असतो. ई-४५० च्या मागच्या एक्सलची (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाची) मर्यादा ९,६०० पौंडांच्या आसपास आहे. मागे चार टायर, प्रत्येकी २,४७०, म्हणजे ९,८८० पौंड. जेमतेम तीनशे पौंडांची सवड. म्हणजे मागचा एक्सल काठोकाठ भरला तर ८० लागतातच, आणि अशा गाडीच्या दारावर मागच्या चाकांसाठी ८० दिसतात तेव्हा टायरवरचे ८० आणि दारावरचे ८० जुळून येतात. "टायरवरचं भर" म्हणणाऱ्याला वाटतं आपलंच खरं. पुढचा एक्सल ५,००० पौंडांचा, टायर दोन आणि दोघांची मिळून ताकद ५,३६०. काट्यावर पुढचा भाग ४,००० भरला, तर प्रत्येक टायरवर २,००० येतात आणि तक्ता पन्नासच्या थोडं वरचा आकडा देतो. तिथे ८० भरले की टायर दगडासारखा कडक होतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, ब्रेक लावल्यावर पकड कमी मिळते आणि टायर मधोमध झिजतो. "मोटरहोम अशीच हादरते" म्हणून लोक हे वर्षानुवर्षं सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट बाजूची चूक याहून वाईट. हवा कमी पडली की टायरची बाजू दर फेरीला जास्त वाकते, तापते, आणि उन्हाळ्यातल्या हायवेवर ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबराचा थर) सुटून येतो. २००० साली फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले, तेव्हा फोर्ड एक्सप्लोररसाठी फोर्डने सांगितलेले २६ पीएसआय आणि फायरस्टोनने सुचवलेले ३० यावरून दोन्ही कंपन्यांत जाहीर वाद झाला होता. त्या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळेच आज तुमच्या कारच्या डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा दिवा लागतो. पण तो नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना आहे. ई-४५० ची एकूण मर्यादा १४,५०० पौंड. कंपनीने दिवा द्यायलाच हवा असं बंधन तिथे नाही. "काही कमी असेल तर दिवा लागेलच" या भरवशावर कृपा करून निघू नका. जिथे दिवा असतो तिथेही तो नियमाप्रमाणे हवा पंचवीस टक्के घटल्यावर लागतो. मोटरहोमसाठी तेवढी घट म्हणजे फार उशीर.

मग दोघांपैकी पाळायचं कोणाचं? माझं मत ठाम आहे. गाडी भाड्याची असेल तर दारावरचा आकडा, पुढचा पुढे आणि मागचा मागे, बाकी डोकं लावायचं नाही. गाडी स्वतःची असेल तर वजनकाट्याची पावती हातात येईपर्यंत दारावरच्या आकड्याच्या खाली जायचं नाही. मूळ मापाऐवजी दुसऱ्या मापाचे किंवा दुसऱ्या लोड रेंजचे टायर बसवले असतील तर स्टिकर तुमच्या कामाचा राहिला नाही, तिथे तक्ता आणि काटा हाच मार्ग.

ट्रक स्टॉपवरचे कॅट स्केल नावाचे वजनकाटे प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं देतात. काट्यावर गाडी भरलेली न्या: माणसं, पाणी, गॅस, तांदळाची पोती, कुकर, सायकली, सगळं. चाळीस गॅलनची टाकी भरली की नुसतं पाणीच सव्वातीनशे पौंडांच्या वर जातं. समजा मागचा एक्सल ८,२०० भरला. चाराने भागून २,०५० येतात, तक्त्यात ६५ ला २,१५० आहेत, म्हणजे ६५ पुरेल असं वाटतं. पण स्लाइडआउट (बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग), फ्रिज आणि जनरेटर एकाच बाजूला असले तर त्या बाजूवर ४,४०० आणि दुसरीवर ३,८०० असू शकतात. जड बाजूच्या प्रत्येक टायरवर २,२०० झाले, ६५ अपुरे. म्हणून जमलं तर प्रत्येक बाजूचं वेगळं वजन करून घ्या. जड बाजूला जो दाब लागेल तोच त्या एक्सलच्या सगळ्या टायरमध्ये भरायचा. मी त्यावर आणखी पाच ठेवतो, मात्र टायर आणि रिमच्या मर्यादेच्या आत.

थंड म्हणजे किती थंड, हे दोघांनाही सारखंच लागू: गाडी निदान तीन तास उभी, किंवा एक मैलाच्या आत चाललेली. नेवाड्याच्या उन्हात चालून ८० चे ९२ झाले म्हणून हवा काढू नका, तो वाढलेला दाब धरूनच हे आकडे बनवलेले असतात. मात्र मुक्काम बदलला की सकाळी पुन्हा मोजा. लास वेगासला चाळीस अंशांत भरलेले ८०, यलोस्टोनच्या पाच अंशांच्या पहाटे आठेक पीएसआयने उतरलेले दिसतात. थंडीने दहा जातात, उंचीमुळे दोन-अडीच परत मिळतात. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला गेज लावायचा कंटाळा करू नका. लाथ मारून किंवा हातोडी ठोकून ६० आणि ८० यांतला फरक कोणालाही कळत नाही. आतला टायर बसला तर त्याचं वजन बाहेरचा उचलतो आणि तो बाहेरून ठीकच दिसतो. लांब नळीचा गेज आणि व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन यांचा खर्च थोडा आहे, तो आधी करा.

पेट्रोल पंपावरच्या बऱ्याच मशीनमध्ये ८० पर्यंत जोर नसतो, त्यामुळे ट्रक स्टॉप गाठावा लागतो आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापलेले असतात. त्यावर उपाय सोपा आहे. सकाळी थंड असताना मोजून कमतरता कागदावर लिहा. ७४ भरले आणि ८० हवे असतील, तर सहा कमी आहेत. पंपावर गेज ८० दाखवत असेल तर तिथे ८६ करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी पुन्हा मोजा.